अरबी वाक्यात कोण कुठे बसतं?

पालखेडला १७२८ साली पहिल्या बाजीरावाने ज्याची कोंडी केली, तो निजाम आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात ‘निजाम-उल्-मुल्क’ या पदवीने भेटतो. निजाम म्हणजे व्यवस्था, मुल्क म्हणजे राज्य. पदवीचा अर्थ ‘राज्याची व्यवस्था’. मधला ‘ल्’ हा ‘अल्’ या उपपदाचा उरलेला तुकडा आहे. इंग्रजीत ‘द’ जे काम करतो ते अरबीत ‘अल्’ करतो. मग ‘उ’ कशाचा? तो प्रथमा विभक्तीचा प्रत्यय आहे. ‘निजाम-उल्-मुल्कबरोबर’ असं शुद्ध अरबीत म्हणायचं झालं, तर ‘मअ निजामि-ल्-मुल्कि’ म्हणावं लागतं. ‘उ’च्या जागी ‘इ’ येते. अशा पदव्या आणि नावं फारसीतून आपल्याकडे येताना प्रथमेतच गोठून गेली. अलाउद्दीन, शमसुद्दीन, अब्दुल्ला या सगळ्यांत तोच ‘उ’ आहे. (‘उद्दीन’मधला ‘ल’ कुठे गेला, हा प्रश्न रास्त आहे. अरबीच्या २८ अक्षरांपैकी १४ अक्षरांपुढे ‘अल्’चा ‘ल’ नाहीसा होतो आणि पुढचं अक्षर दुहेरी होतं. ‘द’ त्यांपैकी एक.)

त्या एका पदवीत अरबी वाक्यरचनेतल्या दोन मोठ्या गोष्टी दिसतात. एक, शब्दांचा क्रम आपल्या उलट आहे: आपण ‘राज्याची व्यवस्था’ म्हणतो, अरबी माणूस ‘व्यवस्था राज्याची’ म्हणतो. दुसरी, शब्दाचं वाक्यातलं नातं त्याच्या शेवटच्या स्वरावरून कळतं. अरबी वाक्याची इंग्रजी वाक्याशी तुलना करताना बहुतेक जण पहिल्या गोष्टीवर थांबतात. अरबीत क्रियापद आधी, इंग्रजीत कर्ता आधी, एवढं सांगून विषय संपवतात. मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण पहिली तिच्यावरच अवलंबून आहे.

पुढे अरबी उदाहरणं देवनागरीत येतील. त्यांत शेवटच्या अक्षराचा पाय मोडलेला नसेल, तर ‘अ’ पूर्ण उच्चारायचा. ‘कतब’ हे ‘क-त-ब’ असं तिन्ही अक्षरं मोकळी ठेवून म्हणायचं.

साधं वाक्य घेऊ: मुलाने पत्र लिहिलं. मराठीत कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म. अरबीत ‘कतब अल्-वलदु रिसालतन्’, म्हणजे ‘लिहिलं मुलाने पत्र’. आधी क्रिया, मग ती करणारा, मग जिच्यावर ती झाली ती वस्तू. जगातल्या भाषांचा मूळ शब्दक्रम मोजला तर मराठीसारख्या भाषा सर्वांत जास्त, त्याखालोखाल इंग्रजीसारख्या. क्रियापदाने वाक्य सुरू करणाऱ्या, अरबीच्या वळणाच्या भाषा सुमारे ७ टक्के भरतात. बायबलची जुनी हिब्रू, वेल्श आणि आयरिश या त्याच गटातल्या.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली ३० भाषा तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. एक गोष्ट ठरली की तिच्यामागे दुसरी ठरते, असे अनेक नियम त्यांनी त्यात मांडले. क्रियापद पुढे असलेल्या भाषेत नात्याचे शब्द नामाच्या आधी येतात, हा त्यांतलाच एक. अरबीत ‘फी अल्-बैति’, म्हणजे शब्दशः ‘आत घराच्या’. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून ‘घराच्या आत’, ‘टेबलावर’, ‘गावाकडे’. आपली शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागे. विशेषणाचंही तसंच. ‘मोठं घर’ अरबीत ‘घर मोठं’ होतं. शेजाऱ्याच्या मुलाचं पुस्तक म्हणजे ‘किताबु वलदि-ल्-जारि’: पुस्तक मुलाचं शेजाऱ्याचं. मराठी शब्दसमूह शेवटून पहिल्यापर्यंत वाचला की अरबी क्रम तयार होतो. इंग्रजीने मात्र दोन्हीकडचं थोडं थोडं घेतलं आहे: नात्याचे शब्द नामाआधी, विशेषणही नामाआधी, आणि षष्ठी कधी आधी, कधी नंतर. क्रमाच्या बाबतीत तिघींत सर्वांत मिश्र भाषा इंग्रजीच आहे.

पण अरबीचा हा क्रम लोखंडी नाही. अरबी व्याकरणाच्या पाठशाळांमध्ये बारा शतकं एक वाक्य घोकलं जात आलं आहे: ‘दरब झैदुन् अम्रन्’, म्हणजे झैदने अम्रला मारलं. आता नावांची अदलाबदल करा: ‘दरब अम्रन् झैदुन्’. मार खाणारा अजूनही अम्रच. कारण झैदच्या शेवटी प्रथमेचा ‘उन्’ आहे आणि अम्रच्या शेवटी द्वितीयेचा ‘अन्’. अरबी व्याकरणात या शेवटच्या स्वरांच्या व्यवस्थेला ‘इअराब’ म्हणतात: प्रथमेला ‘उ’, द्वितीयेला ‘अ’, षष्ठीला ‘इ’. अनिश्चित नाम असेल तर त्यापुढे ‘न्’. बहुतेक पसारा एवढ्या तीन स्वरांत आवरतो.

मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. ‘रामाने रावणाला मारलं’, ‘रावणाला रामाने मारलं’, ‘मारलं रामाने रावणाला’ ही तिन्ही वाक्यं आपण बोलतो आणि कोण मेला याबद्दल गोंधळ होत नाही. ‘ने’ आणि ‘ला’ पहारा देत असतात. इंग्रजीत मात्र दोन नावांची जागा बदलली की रावण जिंकतो.

आता त्याच पाठशाळेतलं दुसरं वाक्य पाहा. ‘दरब मूसा ईसा.’ मूसा आणि ईसा ही दोन्ही नावं दीर्घ ‘आ’ने संपतात आणि त्या ‘आ’वर विभक्तीचा स्वर चढत नाही. प्रथमा असो की द्वितीया, मूसा तो मूसाच. मग कोणी कोणाला मारलं? अरबी व्याकरणकारांचं उत्तर ठाम आहे: इथे क्रम बदलायला परवानगी नाही, आधी येतो तो कर्ता, नंतर येतो ते कर्म. ज्या भाषेत शब्द इतके मोकळे फिरतात, तिथेच प्रत्यय दिसेनासा झाला की जागा सत्ता हातात घेते. दोन नावांचं हे वाक्य मला सगळ्या विषयाची किल्ली वाटतं, कारण इंग्रजी भाषेचा हजार वर्षांचा इतिहास म्हणजे हेच वाक्य मोठ्या प्रमाणावर घडणं आहे.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही विभक्ती होत्या. राजा कर्ता असेल तर ‘से क्युनिंग’, कर्म असेल तर ‘थोने क्युनिंग’. नुसत्या उपपदावरून नातं कळत होतं, म्हणून शब्द बऱ्यापैकी हलवता येत. पुढे शब्दांचे शेवट बोथट होत गेले. उत्तरेकडे नॉर्स बोलणाऱ्या लोकांशी रोजचा संबंध आला, १०६६ नंतर नॉर्मन सत्ता आली, आणि काही शतकांत ‘से’, ‘थोने’ आणि त्यांची सगळी भावंडं जाऊन एकटा ‘द’ उरला. विभक्ती गेल्या, तसा क्रम आवळत गेला. आज इंग्रजीत ‘ही’ आणि ‘हिम’ अशा सर्वनामांत आणि षष्ठीच्या ‘स’मध्ये जुन्या विभक्तीची खूण तेवढी राहिली आहे. इंग्रजी वाक्य कर्त्यावाचून उभं राहत नाही, पाऊस पडतो म्हणायलाही ‘इट’ नावाचा कर्ता उभा करावा लागतो, त्यामागे हीच सक्ती आहे. अरबीत पाऊस पडतो हे सांगायला ‘तुम्तिरु’ एवढं एक क्रियापद पुरतं.

प्रश्न असा येतो, की अरबीत शब्द हलवता येतात, तर हलवायचे कशासाठी? हा प्रश्न अरबांनी फार आधी विचारला. बसऱ्यात शिकलेला सीबवैही हा मूळचा इराणी. सुमारे ७९६ साली तो वारला. त्याने मागे ठेवलेल्या व्याकरणाला नावही नव्हतं. लोक त्याला नुसतं ‘अल्-किताब’ म्हणत आले. बोलणाऱ्याला जे अधिक महत्त्वाचं वाटतं ते तो आधी सांगतो, असं त्याने नोंदवलं. अकराव्या शतकात गुरगानच्या अब्दुल काहिर अल्-जुर्जानीला हे उत्तर अपुरं वाटलं. ‘महत्त्वाचं म्हणून आधी’ एवढं म्हणून भागणार नाही. का महत्त्वाचं आणि आधी आणल्याने अर्थात नेमकं काय बदललं, ते सांगा, असा त्याचा आग्रह. ‘दलाइल अल्-इअजाझ’ या ग्रंथात त्याने हे काम ज्या बारकाईने केलं आहे, ते आजही वाचणाऱ्याला थक्क करतं.

त्याचं एक उदाहरण घराचं आहे. ‘अ-बनैत अद्-दार?’ म्हणजे ‘बांधलंस का घर?’ यात क्रियापद आधी आहे. विचारणाऱ्याला घर बांधून झालं की नाही हेच ठाऊक नाही. ‘अ-अन्त बनैत अद्-दार?’ म्हणजे ‘तू बांधलंस का हे घर?’ यात ‘अन्त’, म्हणजे तू, आधी आला. आता घर समोर उभं आहे, ते कोणीतरी बांधलंय हे नक्की; शंका फक्त बांधणाऱ्याबद्दल. म्हणून जुर्जानी म्हणतो, जे घर अजून बांधायचं मनात आहे, त्याबद्दल दुसऱ्या पद्धतीने विचारणं चूक आहे. व्याकरणाचा एकही प्रत्यय बदललेला नाही. नुसता एक शब्द पुढे आला आणि गृहीत काय, शंका कशाची, हे सगळं पालटलं. इंग्रजीला हाच फरक दाखवायला आवाजाचा जोर द्यावा लागतो, नाहीतर ‘हे घर बांधणारा तो तूच का’ अशा वळणाचं लांब वाक्य करावं लागतं.

नकाराचंही तो असंच दाखवतो. ‘मा फअल्तु’ म्हणजे मी केलं नाही. काम झालं की नाही त्याबद्दल मी काहीच सांगत नाही. ‘मा अना फअल्तु’ म्हणजे मी नाही केलं. काम झालंय, पण करणारा दुसरा कोणी. ही दोन मराठी वाक्यं पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून पाहा. ‘मी केलं नाही.’ ‘मी नाही केलं.’ फुटलेल्या काचेसमोर उभा असलेला शाळकरी मुलगा दुसरं वाक्य म्हणतो, पहिलं नाही. जुर्जानीने अरबीत जे टिपलं ते मराठीत आपण रोज करतो आणि आपल्या शालेय व्याकरणात त्याला फारशी जागा नाही, याचं मला वाईट वाटतं.

कर्ता क्रियापदाच्या आधी आणला की अरबीत आणखी एक गोष्ट घडते आणि इंग्रजीतून अरबी शिकणारे इथे हटकून अडखळतात. ‘मुलं आली’ हे दोन तऱ्हांनी म्हणता येतं. ‘जाअ अल्-औलादु’ यात क्रियापद आधी आहे आणि ते एकवचनी आहे, कर्ता अनेकवचनी असूनही. ‘अल्-औलादु जाऊ’ यात कर्ता आधी आणि क्रियापद अनेकवचनी. म्हणजे क्रियापद पुढे असेल तर ते फक्त लिंग पाहतं, वचन पाहत नाही. मागे असेल तर दोन्ही पाहतं. ‘मुलं आली आणि बसली’ या वाक्यात तर हे शेजारी शेजारी दिसतं: ‘जाअ अल्-औलादु व जलसू’. पहिलं क्रियापद एकवचनी, दुसरं अनेकवचनी, कर्ता तोच.

हे विचित्र वाटतं, पण अरबी व्याकरणकारांचं स्पष्टीकरण सुंदर आहे. ते म्हणतात, ‘जाऊ’मधला ‘ऊ’ हा निव्वळ वचनाचा प्रत्यय नव्हे. तो ‘ते’ हे सर्वनामच आहे, क्रियापदाला चिकटलेलं. म्हणजे ‘जाऊ’ हे एका शब्दाचं पूर्ण वाक्य: ‘ते आले’. एका क्रियापदाला दोन कर्ते असू शकत नाहीत. म्हणून कर्ता क्रियापदानंतर उभा असताना क्रियापदाला ‘ऊ’ लागत नाही, आणि ‘अल्-औलादु जाऊ’मध्ये ‘अल्-औलादु’ हा कर्ता नाहीच. ती वाक्याची सुरुवात आहे, जिच्याबद्दल बोलायचं ती गोष्ट. ‘जाऊ’ हे तिच्याबद्दल सांगितलेलं एक छोटं वाक्य. बसऱ्याच्या व्याकरणपरंपरेने हा विचार पक्का केला. कुफ्याच्या व्याकरणकारांना कर्ता क्रियापदाआधी येऊ शकतो हे मान्य होतं. या वादावर पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं गेलं आहे.

काही जुन्या अरब टोळ्या मात्र क्रियापद आधी असलं तरी अनेकवचनी करत. त्यांच्या बोलीचं वाक्य व्याकरणात नमुना म्हणून कायमचं नोंदलं गेलं: ‘अकलूनी अल्-बरागीथु’, म्हणजे ‘खाल्लं त्यांनी मला, पिसवांनी’. आजही अरबी व्याकरणात या प्रयोगाचं अधिकृत नाव ‘पिसवांनी मला खाल्लं ही बोली’ असंच आहे.

यावरून अरबी वाक्याचे दोन प्रकार लक्षात येतात. क्रियापदाने सुरू होणारं ते क्रियावाक्य, ‘जुम्ला फिअलिय्या’. नामाने सुरू होणारं ते नामवाक्य, ‘जुम्ला इस्मिय्या’. नामवाक्याचा पहिला भाग ‘मुब्तदा’, म्हणजे आरंभ, दुसरा ‘खबर’. हा शब्द आपल्या ओळखीचाच आहे. आपल्याकडच्या परिभाषेत उद्देश्य आणि विधेय. इंग्रजीचं कर्ता-क्रियापद-कर्म हे साचेबंद वाक्य अरबी व्याकरणकाराच्या लेखी नामवाक्याचाच एक प्रकार ठरतो. ग्रीनबर्ग यांचा आणखी एक नियम इथे आठवतो: क्रियापदाने सुरू होणाऱ्या प्रत्येक भाषेत कर्त्याने सुरू होणारा पर्यायही असतोच. अरबी वर्तमानपत्रांत हे दोन्ही एकाच पानावर दिसतात. मथळा सहसा नामाने सुरू होतो, ‘अध्यक्ष अमुक करतात’ अशा थाटात. खाली बातमीचं पहिलं वाक्य मात्र ‘म्हणाले’, ‘जाहीर केलं’, ‘भेटले’ अशा क्रियापदाने उघडतं.

नामवाक्याला क्रियापदाची गरज नसते. ‘आहे’ला वर्तमानकाळात अरबीत शब्दच लागत नाही. मग ‘मोठं घर’ आणि ‘घर मोठं आहे’ यांतला फरक कसा करायचा? सगळं काम ‘अल्’ करतो.

‘बैतुन् कबीरुन्’: एक मोठं घर.
‘अल्-बैतु अल्-कबीरु’: ते मोठं घर.
‘अल्-बैतु कबीरुन्’: घर मोठं आहे.

विशेषण नामाच्या पाठोपाठ येतं आणि लिंग, वचन, विभक्ती, निश्चितता या चारही बाबतींत नामाचं ऐकतं. नामाला ‘अल्’ असेल तर विशेषणालाही हवा. तिसऱ्या ओळीत विशेषणाने ‘अल्’ घेतला नाही. म्हणजे ते विशेषण राहिलं नाही, ते विधेय झालं आणि वाक्य पूर्ण झालं. ‘ते मोठं घर’ आणि ‘घर मोठं आहे’ यांत दोन अक्षरांचा फरक, आणि त्या दोन अक्षरांच्या नसण्याने वाक्य जन्माला येतं. भाषांच्या जगात इतकी काटकसर मी क्वचित पाहिली आहे. भूतकाळ करायचा झाला की ‘कान’ हे क्रियापद येतं आणि विधेयाला द्वितीयेत ढकलतं: ‘कान अल्-बैतु कबीरन्’. ‘इन्न’ हा निश्चयाचा शब्द आला तर उलट, उद्देश्य द्वितीयेत जातं आणि विधेय प्रथमेत राहतं: ‘इन्न अल्-बैत कबीरुन्’. शेवटचा एक स्वर ऐकला की वाक्याच्या सुरुवातीला काय असणार याचा अंदाज येतो.

मराठी माणूस अरबीकडे इंग्रजीच्या खिडकीतून का पाहतो, हे मला कोडं आहे. अरबीत ‘टु हॅव’ला क्रियापद नाही. ‘इंदी किताबुन्’, म्हणजे ‘माझ्यापाशी पुस्तक’. ‘ली अखुन्’, म्हणजे ‘मला भाऊ’. इंग्रजी पाठ्यपुस्तक यावर परिच्छेद खर्च करून समजावतं, की बघा, अरबीत ‘मी भाऊ बाळगतो’ असं म्हणत नाहीत. आपणही म्हणत नाही! ‘मला एक भाऊ आहे’, ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ ही मराठी वाक्यं अरबीच्या अगदी जवळची आहेत. तेच ‘देअर इज’चं. अरबीत अनिश्चित नामाने नामवाक्य सुरू करायला सहसा मनाई आहे, म्हणून ‘फी अल्-बैति रजुलुन्’, घरात माणूस. आणि माणूस ठाऊक असेल तर ‘अर्-रजुलु फी अल्-बैति’, माणूस घरात. मराठीत ‘घरात माणूस आहे’ आणि ‘माणूस घरात आहे’ यांतला फरक आपल्याला कोणी शिकवलेला नाही, पण आपण तो चुकत नाही. इंग्रजीला इथे ‘देअर’ नावाचा पोकळ शब्द वाक्याच्या तोंडाशी उभा करावा लागतो.

‘मी वाचलेलं पुस्तक’ घ्या. इंग्रजीत ‘पुस्तक जे मी वाचलं’ एवढ्यावर भागतं. वाचलं काय, ती जागा रिकामी राहते. अरबीला ती रिकामी जागा चालत नाही: ‘अल्-किताबु अल्लझी करअ्तुहु’, शब्दशः ‘पुस्तक, जे, वाचलं मी त्याला’. शेवटचा ‘हु’ पुन्हा पुस्तकाकडे बोट दाखवतो. मराठीचं ‘जे पुस्तक मी वाचलं ते’ हे वळण वेगळं, पण ‘जे’ला ‘ते’ने उत्तर द्यायची वृत्ती तीच. बोलताना आपण ‘तो रमेश आहे ना, त्याचे वडील आजारी आहेत’ असं सहज म्हणतो. अरबीत हे व्याकरणशुद्ध वाक्य आहे: ‘झैदुन् अबूहु मरीदुन्’, झैद, त्याचे वडील आजारी. शाळेतल्या इंग्रजीत ते चूक ठरतं.

आतापर्यंत सांगितलं ते प्रमाण अरबीबद्दल: वर्तमानपत्रं, पुस्तकं, बातम्या, भाषणं, आणि १९७३ पासून संयुक्त राष्ट्रसंघाचं कामकाज. घरात आणि बाजारात तीस कोटींहून अधिक लोक जे बोलतात, त्या बोलींत ‘उ’, ‘अ’, ‘इ’ हे शेवटचे स्वर गळून गेले आहेत. प्रत्यय गळले, मग पुढचं काय व्हायला हवं ते ‘मूसा-ईसा’च्या वाक्याने सांगून ठेवलं आहे. तसंच झालं. कैरोत ‘मुलाने लिहिलं’ हे बहुधा ‘इल्-वलद् कतब्’ असं कर्ता आधी ठेवून म्हणतात. अरबीपासूनच निघालेल्या माल्टी भाषेतही कर्ता-क्रियापद-कर्म हाच क्रम रुळला आहे. प्रश्नात मात्र इजिप्तची बोली वेगळ्याच वाटेने गेली. प्रमाण अरबीत ‘मा इस्मुक?’, काय नाव तुझं. इजिप्तमध्ये ‘इस्मक् एह्?’, तुझं नाव काय. ‘राइह् फेन्?’, जातोयस कुठे. प्रश्नाचा शब्द उडी मारून पुढे येत नाही, आपल्या जागी बसून राहतो.

रत्नागिरी, रायगडच्या गावांतून दुबई, कुवेत, सौदीला कामाला गेलेल्यांना आणखी एक अरबी ठाऊक असते. आखातात अरब मालक आणि भारत, पाकिस्तान, बांगलादेश, फिलिपिन्समधून आलेले कामगार यांच्यात कामापुरती तयार झालेली ही बोली. जे. आर. स्मार्ट यांनी १९९० साली तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. आखाती अरबीत ‘मी करतो’ म्हणजे ‘असव्वी’, ‘तो करतो’ म्हणजे ‘यिसव्वी’. कर्ता क्रियापदाच्या पोटात असतो. कामगारांच्या बोलीत एकच रूप राहिलं: ‘अना सव्वी’, ‘इन्त सव्वी’, ‘हुवा सव्वी’. मी, तू, तो हे वेगळे शब्द पुढे आले आणि तिथेच पक्के झाले. नकाराला सगळीकडे ‘माफी’. इंग्रजीला काही शतकं लागली, तो बदल इथे एक-दोन पिढ्यांत घडला. या बोलीला ‘मोडकी अरबी’ म्हणून हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की तिच्यामागे तोच नियम काम करतो आहे जो अरबी व्याकरणकारांनी ‘मूसा-ईसा’च्या वाक्यात सांगून ठेवला आहे.

लांब लेखनात आणखी एक फरक जाणवतो. इंग्रजी गद्य आज छोट्या वाक्यांकडे झुकतं आणि पूर्णविरामावर विसंबतं. अरबी गद्य ‘व’ आणि ‘फ’ या जोडशब्दांवर चालतं. ‘व’ म्हणजे आणि. ‘फ’ म्हणजे मग, त्यामुळे. गोष्टीतलं जवळजवळ प्रत्येक वाक्य यांपैकी एकाने सुरू होतं, आणि ते शैलीतलं वैगुण्य समजत नाहीत. जुन्या हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हं नव्हती; वाक्य कुठे संपलं ते हे जोडशब्दच सांगत. युरोपीय धर्तीची चिन्हं अरबीत रुजवण्यासाठी इजिप्तच्या अहमद झकी पाशा यांनी १९१२ साली पुस्तक लिहिलं. मराठीत हेच काम एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी केलं होतं. इंग्रजीतून अरबी वाचणारा प्रत्येक ‘व’चं भाषांतर ‘अँड’ असं करतो आणि मजकूर बाळबोध वाटू लागतो. मराठीत ‘आणि’, ‘मग’, ‘तर’, ‘तेव्हा’ असे पर्याय हाताशी आहेत, आणि काही ठिकाणी काहीच न लिहिणं सर्वांत बरं.

महाराष्ट्रात अरबी शिकणारे थोडे नाहीत: मदरशांत आहेत, मुंबईच्या महाविद्यालयांत आहेत, आखातात नोकरीसाठी जाऊ पाहणारेही आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच, की वहीत अरबी वाक्याखाली इंग्रजी अर्थ लिहू नका. मराठी लिहा, आणि प्रत्येक नामाखाली त्याची विभक्ती लिहा: ‘ने’, ‘ला’, ‘चा’. महिनाभर हे करा. क्रियापद आधी का, कर्ता पुढे का आला, शेवटचा स्वर का बदलला, या प्रश्नांची उत्तरं मग पाठ करावी लागणार नाहीत. आणि अरबी शिकवणाऱ्यांपैकी कोणीतरी विभक्तीवर उभं असलेलं, मराठी वाक्यांशी थेट तुलना करणारं पाठ्यपुस्तक लिहायला घ्यावं. विद्यार्थ्यांची अर्धी दमछाक त्याने वाचेल.